ताट, पाटी आणि अर्ज : सातारा-सांगलीतल्या उच्च शिक्षणाच्या मदतीचा आढावा

बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो. त्यामागोमाग सीईटीचा निकाल, प्रवेशाच्या फेऱ्या आणि कॉलेजची पहिली फी, हे सगळं जून ते ऑगस्टच्या दरम्यान अंगावर येतं. नेमका याच दिवसांत माण-खटावचा शेतकरी बी-खतासाठी उसनवारी करत असतो. कराड-वाळव्याकडचा ऊस रानात उभा असतो, कारखान्याचा बॉयलर पेटायला दिवाळी उजाडायची असते. तासगावच्या द्राक्षबागेत पैसा फक्त जात असतो, यायला अजून सहा-सात महिने असतात. घरात वर्षभरातला सगळ्यात कमी पैसा असतो तेव्हाच कॉलेज सगळ्यात जास्त पैसा मागतं.

शिक्षणासाठीच्या मदतीचा विचार इथूनच करायला हवा. योजना पुष्कळ आहेत, त्यांच्या याद्याही सगळीकडे मिळतात. मात्र प्रत्येक योजनेला तीन साधे प्रश्न विचारल्याशिवाय ती कळत नाही. ती कोणता खर्च उचलते? पैसा केव्हा हातात येतो? आणि मुलापर्यंत तो कोणाच्या हातून पोचतो? कृष्णा-कोयनेच्या या मुलखात या तिन्ही प्रश्नांची उत्तरं शंभर वर्षांपूर्वीच कोणी तरी शोधली होती. त्या उत्तरांपासून आजच्या महाडीबीटीच्या अर्जापर्यंतचा हा आढावा.

आधी जेवणाची सोय

सांगली जिल्ह्यातलं दुधगाव हे वारणाकाठचं गाव. १९१० च्या सुमारास इथे कर्मवीर भाऊराव पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षण मंडळ काढलं आणि निरनिराळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवून घेतलं. खर्चाची वाट त्यांनी मुष्टिफंडातून काढली. घरातल्या बाईने दळणातलं मूठभर धान्य बाजूला काढायचं आणि त्यावर मुलांचा स्वयंपाक चालायचा. रोकड नसलेल्या घरालाही देता येईल अशी ही वर्गणी होती.

भाऊरावांना राहण्या-जेवणाचं मोल स्वतःच्या अनुभवाने कळलं होतं. कोल्हापुरात शिकत असताना ते जैन बोर्डिंगात राहत. अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले, परतल्यावर त्यांना अंघोळ करायला सांगण्यात आलं, त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंग सुटलं. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आसरा दिला. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली होती, त्यामागे हाच विचार होता. खेड्यातल्या मुलाला शाळेची फी एक वेळ जमते, शहरात राहून दोन वेळ जेवणं जमत नाही.

१९१९ च्या विजयादशमीला कराड तालुक्यातल्या काले गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू झालं. महात्मा गांधी २५ फेब्रुवारी १९२७ रोजी तिथे आले आणि त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असं नाव मिळालं. बोर्डिंगातल्या मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही मोडलं. ही गोष्ट आपण भावनेने सांगतो, पण तिच्यात एक हिशेबही आहे. संस्थेचा पहिला आणि सगळ्यात मोठा खर्च धान्याचा होता.

पुढे १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं आणि जून १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. दोन्हीकडे ‘कमवा आणि शिका’ हा पाया होता. मुलं शेतात राबत, दगड फोडत, रस्त्याचं काम करत आणि त्या श्रमावर शिकत. स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद, असं रयतने म्हटलं ते याच अनुभवावरून. पुढे शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. अप्पासाहेब पवार यांनी कोल्हापुरात तीच वाट धरली आणि आजही अनेक विद्यापीठांत, कॉलेजांत ही योजना कर्मवीरांच्या नावाने किंवा प्रेरणेने चालते. ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, बागेत किंवा कार्यालयात दिवसातले काही तास काम आणि त्याचं तासाप्रमाणे मानधन, असं तिचं आजचं रूप आहे.

वर विचारलेले तीन प्रश्न या जुन्या व्यवस्थेला विचारून पाहा. खर्च कोणता? राहण्या-जेवणाचा, म्हणजे जो खरोखर अडवतो तोच. केव्हा? प्रवेशाच्या दिवसापासून. कोणाच्या हातून? ज्याला मुलाचं नाव आणि त्याचं घर माहीत आहे अशा माणसाच्या हातून. तिन्ही उत्तरं एकाच ठिकाणी मिळत होती, हे या व्यवस्थेचं बळ होतं. तिची मर्यादाही उघड होती. ती एका माणसाच्या, एका संस्थेच्या झोळीवर चालत होती. सगळ्या मुलांना पुरायचं तर मदत हा हक्क व्हायला हवा होता.

झोळीतून हक्काकडे

त्या वळणावरही साताऱ्याचं एक मूल भेटतं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भीमराव आंबेडकर यांचं नाव दाखल झालं. मॅट्रिकनंतरचं त्यांचं शिक्षण पैशासाठी अडलं, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला. महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली आणि एल्फिन्स्टन कॉलेजातलं शिक्षण पुरं झालं. १९१३ मध्ये बडोदा संस्थानानेच त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. महाराजांची तिजोरी आणि मुंबईच्या चाळीतला हुशार मुलगा यांच्यामध्ये केळुसकर गुरुजी उभे राहिले, म्हणून ती मदत त्याच्यापर्यंत आली.

पण प्रत्येक मुलाच्या वाट्याला केळुसकर गुरुजी येत नाहीत. बाबासाहेबांना हे आयुष्यभर ठाऊक होतं. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी पैसा मागितला आणि १९४४ मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपण जिला भारत सरकार शिष्यवृत्ती म्हणतो ती हीच.

दुसरं पाऊल महाराष्ट्र राज्याच्या सुरुवातीच्या वर्षांत पडलं. मुख्यमंत्री कराडचे यशवंतराव चव्हाण आणि शिक्षणमंत्री पाटणचे बाळासाहेब देसाई. वर्षाला बाराशे रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना फीची सवलत मिळाली. ही ईबीसी सवलत. या तीन अक्षरांनी गावोगावच्या पहिल्या पदवीधरांची एक पिढी घडली. आजही या भागातले निवृत्त शिक्षक, इंजिनिअर, तलाठी आपलं शिक्षण सांगताना ‘मी ईबीसीवर शिकलो’ असं सहज म्हणतात. जात न पाहता उत्पन्न पाहणारी ही सवलत होती आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला तिने प्रथमच सरकारदरबारी ‘गरजू’ म्हणून ओळख दिली.

म्हणजे मदतीचे दोन पाट या मातीत आले. एक जेवणाचा, संस्थांनी आणलेला. दुसरा फीचा, सरकारने आणलेला. आजच्या योजना समजून घ्यायच्या तर हे दोन पाट वेगळे ओळखता आले पाहिजेत.

आज काय मिळतं?

फीच्या पाटात आज सगळ्यात मोठी योजना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची आहे. जुन्या ईबीसीचंच हे विस्तारलेलं रूप, म्हणून कॉलेजच्या खिडकीवर अजूनही तिला ईबीसीच म्हणतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झाला असेल, तर खुल्या गटातल्या मुलाची व्यावसायिक अभ्यासक्रमाची निम्मी शिक्षण फी आणि निम्मी परीक्षा फी सरकार भरतं. एका कुटुंबातल्या दोन अपत्यांपर्यंतच हा लाभ मिळतो.

मुलींसाठी २०२४-२५ या वर्षापासून चित्र बदललं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ झाली. सावित्रीबाई फुल्यांचं जन्मगाव नायगाव सातारा जिल्ह्यातच आहे. या जिल्ह्यात तरी ‘मुलीच्या फीला पैसे नाहीत’ हे वाक्य यापुढे ऐकू येऊ नये.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना अडीच लाखांच्या आत उत्पन्न असेल तर भारत सरकार शिष्यवृत्तीतून फी आणि निर्वाह भत्ता दोन्ही मिळतात. त्याहून जास्त उत्पन्न असेल तर फ्रीशिप, म्हणजे फीची माफी, आहे. इतर मागास प्रवर्गातल्या मुलांना आठ लाखांच्या आत निम्मी फीमाफी, तर विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना पूर्ण फीमाफी आहे. आटपाडी, जत, माण या पट्ट्यातल्या धनगर कुटुंबांनी हे नीट लक्षात ठेवावं. भटक्या जमातींच्या यादीत असल्याने त्यांच्या मुलांचा हक्क निम्म्या फीवर थांबत नाही.

जेवणाचा पाट मात्र अरुंद आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्यात भोजन, निवास आणि निर्वाह मिळून मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजार आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार रुपये थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतात. याच धर्तीवर इतर मागास, विमुक्त, भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आली, पण तिच्यात प्रत्येक जिल्ह्याला ६०० विद्यार्थ्यांची मर्यादा आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. पाटण-जावळीतली कितीतरी कुटुंबं या अटींत बसतात, तरी फीच्या अर्जाबरोबर या भत्त्याचाही अर्ज करायचा असतो हे अनेकांना वर्ष सरल्यावर कळतं.

केंद्र सरकारच्या दोन योजनाही इथे सांगायला हव्यात. बारावीला आपल्या मंडळाच्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये आलेल्या आणि साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या विद्यार्थ्याला पदवीसाठी वर्षाला १२ हजार आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी २० हजार रुपये मिळतात. त्याचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर होतो. तंत्रशिक्षणाच्या पदविकेला किंवा पदवीला असलेल्या मुलींसाठी एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती आहे. उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत ती मिळते आणि वर्षाला ५० हजार रुपये येतात. सांगलीच्या वालचंद कॉलेजपासून गावाजवळच्या पॉलिटेक्निकपर्यंत कुठेही शिकणाऱ्या मुलीने ही योजना तपासून पाहावी.

‘माफ’ म्हणजे नेमकं काय माफ?

फी माफ झाली असं ऐकून घर निश्चिंत होतं आणि मग कॉलेजची पावती पाहून हादरतं. माफी शिक्षण फीची आणि परीक्षा फीची असते. विकास निधी, वसतिगृह, खाणावळ, बस, गणवेश, अनामत रक्कम या गोष्टी तिच्यात येत नाहीत. प्रवेश निश्चित करण्याआधी कॉलेजकडून फीचा तपशील कलमवार लिहून घ्यावा. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती जाहीर असते. पावतीवरचा आकडा त्या आकड्याशी ताडून पाहण्याचा हक्क प्रत्येक पालकाला आहे.

दुसरा खड्डा त्याहून खोल आहे. व्यवस्थापन कोट्यातून, म्हणजे संस्थेच्या पातळीवर घेतलेल्या प्रवेशाला राज्याची फीमाफी मिळत नाही. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही शाहू महाराज योजनेच्या बाहेर आहेत. सातारा-सांगलीत कॅपमधली कॉलेजं आणि अभिमत विद्यापीठं एकमेकांजवळच आहेत. दोन्हीकडे इमारत मोठी, नाव मोठं. एकीकडे मुलीची फी शून्य होते आणि दुसरीकडे ती पूर्ण भरावी लागते. हा फरक प्रवेशानंतर समजून काही उपयोग नसतो, म्हणून फॉर्मवर सही करण्याआधी एकच प्रश्न विचारायचा : हा प्रवेश कॅपमधला आहे का?

तिसरी गोष्ट प्रवासाची. खेड्यातल्या मुलीला बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत असतो. कॉलेजात पाऊल टाकताच तो संपतो आणि सवलतीचा मासिक पास घ्यावा लागतो. सवलत ६६.६७ टक्के आहे, पण खटाव तालुक्यातून रोज साताऱ्याला किंवा जत तालुक्यातून रोज सांगलीला ये-जा करणाऱ्या मुलीच्या घरी उरलेला तिसरा हिस्साही दर महिन्याला रोख मोजावा लागतो. शिक्षण महागड्या फीमुळे सुटतं असं आपण समजतो. पुष्कळदा ते खोलीचं भाडं, डबा आणि पास या तीन छोट्या आकड्यांपायी सुटतं.

अर्ज करताना

राज्याच्या बहुतेक योजनांचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतो. तो कॉलेज सुरू झाल्यावर भरायचा असला तरी त्याची तयारी वर्षभर आधी सुरू व्हावी लागते. राखीव प्रवर्गातल्या ज्या मुलाला व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचं आहे, त्याने अकरावीतच जात पडताळणीसाठी जिल्हा समितीकडे अर्ज करावा. पडताळणीला पणजोबा-आजोबांच्या शाळेच्या नोंदी लागतात आणि त्या शोधायला महिने जातात. एप्रिल-मेमध्ये तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला काढून ठेवावा. जूनमध्ये सेतूपुढे आणि महा ई-सेवा केंद्रापुढे रांग लागते, तेव्हा सर्व्हरही दमतो आणि माणसंही.

नावाची जुळणी हा दुसरा मुद्दा. दहावीच्या गुणपत्रिकेवर, आधारवर आणि बँकेच्या पासबुकावर नाव अक्षराअक्षराने सारखं हवं. आईचं नाव, वडिलांच्या नावातलं ‘राव’, आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग, यांतल्या एका फरकावर अर्ज अडतो.

तिसरा मुद्दा बँकेचा आणि इथे सगळ्यात जास्त पैसे अडकतात. खात्याला आधार क्रमांक दिलेला असणं आणि ते खातं आधारशी थेट लाभासाठी जोडलेलं असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारचा पैसा अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकाकडे न पाहता आधारशी शेवटी ज्या बँकेचं खातं जोडलं गेलं तिकडे जातो. मोबाइलचा सिम घेताना किंवा एखादं पेमेंट ॲप वापरताना नकळत उघडलेल्या खात्यात शिष्यवृत्ती जाऊन पडते आणि मूल वर्षभर आपलं पासबुक भरून आणत राहतं. अर्ज करण्याआधी बँकेत जाऊन ‘माझं आधार सीडिंग या खात्याला आहे का’ एवढं विचारून घ्यावं.

अर्ज भरून झाला की काम संपत नाही. तो आधी कॉलेजच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांकडे आणि तिथून जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयाकडे किंवा त्या त्या विभागाच्या सहसंचालकांकडे जातो. वाटेत कुठेही तो दुरुस्तीसाठी परत येऊ शकतो. परत आल्याची सूचना मोबाइलवर येते, पण तो मोबाइल क्रमांक अनेकदा ई-सेवा केंद्र चालवणाऱ्याचा असतो. म्हणून अर्जावर क्रमांक स्वतःचाच द्यावा, लॉगिन आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवावा आणि दर पंधरा दिवसांनी अर्जाची स्थिती बघावी. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण करावं लागतं. पहिल्या वर्षी मिळालं म्हणजे पुढे आपोआप मिळत राहील, या समजुतीने कितीतरी मुलांची दुसऱ्या वर्षाची रक्कम बुडते.

या भागाच्या काही खास अडचणीही आहेत. विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाई व्यवसायातली कुटुंबं सोनं-चांदी गाळण्यासाठी देशभर पसरली आहेत. त्यांची मुलं परराज्यात दहावी-बारावी करून परत येतात, तेव्हा अधिवासाचा आणि कॅपमधल्या पात्रतेचा प्रश्न उभा राहतो. ज्यांची मुलं पुढे महाराष्ट्रात शिकणार आहेत, त्यांनी अधिवासाची कागदपत्रं आधीपासून जपायला हवीत. पाटण-जावळीची माथाडी कुटुंबं नवी मुंबईत राहतात, रेशनकार्ड गावचं असतं आणि उत्पन्नाचा दाखला कुठून काढायचा यात महिना जातो. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी सांगली आणि कृष्णा-वारणाकाठच्या गावांत किती घरांतली कागदपत्रं भिजली असतील, ते ज्यांनी चिखल उपसला त्यांना माहीत आहे. डिजिलॉकरवर गुणपत्रिका आणि दाखले उतरवून ठेवणं ही आज नदीकाठच्या प्रत्येक घराची गरज आहे.

कर्ज घ्यायचं तर

माफी आणि भत्ते मिळूनही उरलेला खर्च भागत नसेल तर कर्जाकडे वळावं लागतं. इथे गावची सवय आड येते. जवळची पतसंस्था किंवा सोनेतारण कर्ज लगेच मिळतं म्हणून घर तिकडे जातं. पण सरकारचं व्याज अनुदान ठरावीक बँकांच्या शैक्षणिक कर्ज योजनेतल्या कर्जालाच मिळतं. दागिने गहाण ठेवून शिकवलं तर ते अनुदान हातातून जातं.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. देशातल्या ठरावीक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला तारण आणि जामीनदार यांच्याशिवाय कर्ज मिळू शकतं. आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण चालू असताना आणि त्यानंतरच्या एका वर्षात तीन टक्के व्याज सवलत आहे. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या तांत्रिक-व्यावसायिक शिक्षणाच्या विद्यार्थ्याला त्या काळातलं पूर्ण व्याज माफ आहे. आपलं कॉलेज त्या यादीत आहे का, हे आधी पाहावं. नसेल तर नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेचा मार्ग उरतोच. इतर मागास प्रवर्गासाठी राज्याच्या महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजनाही आहे. कर्जाचा आकडा ठरवताना मात्र प्लेसमेंटच्या जाहिरातीतलं सगळ्यात मोठं पॅकेज डोळ्यांपुढे ठेवू नये. मागच्या तुकडीतल्या साध्या मुलाला काय पगार लागला ते विचारावं आणि त्यातून हप्ता किती झेपेल ते पाहावं.

बाहेर काय घडलं?

ही अडचण आपल्या एकट्याची नाही. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात बेरिया कॉलेज १८९२ पासून विद्यार्थ्यांकडून शिक्षण फी घेत नाही आणि तिथला प्रत्येक विद्यार्थी कॉलेजात काम करतो. साताऱ्यातल्या शाहू बोर्डिंगात वाढलेल्या माणसाला ते कॉलेज परकं वाटणार नाही. ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्ये दुसरी वाट काढली. विद्यार्थ्याने फी नंतर भरायची आणि तीही पगार ठरावीक मर्यादेच्या वर गेल्यावर, करासोबत कापून. नोकरी नसेल तर हप्ताही नाही. पाऊस आणि बाजारभाव यांच्या भरवशावर जगणाऱ्या आपल्या घरांसाठी अशी परतफेड किती सोयीची ठरेल, याचा आपल्या धोरणकर्त्यांनी विचार करायला हवा.

अमेरिकेतलाच एक प्रयोग मात्र मला सगळ्यात मोलाचा वाटतो. तिथे सरकारी मदतीसाठी तेव्हा एकच लांबलचक फॉर्म भरावा लागायचा. ओहायो आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत संशोधकांनी कराची विवरणपत्रं भरून देणाऱ्या एका कंपनीच्या कार्यालयांत कमी उत्पन्नाच्या कुटुंबांचे गट केले. एका गटाला कॉलेजच्या मदतीची माहिती दिली. दुसऱ्या गटाचा फॉर्म तिथेच बसून भरून दिला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नुसत्या माहितीने फरक पडला नाही. ज्या घरांना फॉर्म भरायला हात मिळाला, त्यांच्या मुलांत दोन वर्षांचं कॉलेज शिक्षण पूर्ण करण्याचं प्रमाण २८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेलं. मदतीची रक्कम तीच होती, योजनाही तीच. शेजारी बसलेल्या माणसामुळे एवढा फरक पडला.

उरलेलं काम

आता पुन्हा त्या तीन प्रश्नांकडे येऊ. आजच्या योजना फीचा खर्च बऱ्यापैकी उचलतात, विशेषतः मुलींचा, आणि ही गेल्या काही वर्षांतली खरी कमाई आहे. राहण्या-जेवणाचा खर्च मात्र थोड्यांचाच उचलला जातो. तो पाट रुंद करायचा तर सरकारी वसतिगृहांच्या जागा आणि आधार योजनांची जिल्हावार मर्यादा या दोन्ही वाढायला हव्यात. पैसा केव्हा येतो, या प्रश्नाचं उत्तर अजून निराशाजनक आहे. अर्जाची खिडकी प्रवेशानंतर उघडते, मंजुरी महिन्यांनी येते आणि रक्कम कधी कधी पुढच्या वर्षात पोचते. भत्त्याचा पहिला हप्ता प्रवेशाच्या महिन्यातच द्यावा आणि कागदांची अंतिम तपासणी नंतर करावी, ही मागणी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी एकत्र येऊन लावून धरायला हवी. ऊस तोडून, गाडीत भरून कारखान्याला गेल्यावर पहिला हप्ता मागणारा शेतकरी या मागणीचा अर्थ लगेच समजेल.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला सरकारची वाट पाहावी लागत नाही. सातारा-सांगलीत असं गाव क्वचितच सापडेल, जिथे रयतेच्या किंवा दुसऱ्या संस्थेच्या शाळेतून शिकून निवृत्त झालेला एखादा शिक्षक, लिपिक किंवा बँकेतला माणूस नाही. त्यांना कागद वाचता येतो, कार्यालयाची भाषा कळते आणि गावातल्या प्रत्येक घरी बारावीला कोण आहे हेही ठाऊक असतं. मे महिन्यात ग्रामपंचायतीत एक यादी करावी : कोण बारावी झालं, कोणत्या प्रवर्गात येतं, कोणता दाखला बाकी आहे, आधार कोणत्या बँकेला जोडलेलं आहे. जूनमध्ये आठवड्यातून एक संध्याकाळ त्या मुलांसोबत बसावं. पासवर्ड वहीत लिहून घ्यायला लावावा. दिवाळीत पुन्हा एकदा विचारावं : अर्ज कुठवर आला?

दुधगावच्या बायांनी मूठभर धान्य बाजूला काढलं तेव्हा ते कोणाच्या मुलाच्या ताटात जाणार हे त्यांना माहीत नव्हतं. तरी ते रोज काढलं गेलं, म्हणून ती मुलं शिकली. यंदाच्या मे महिन्यात ज्या गावात कोणी तरी अशी यादी करायला बसेल, तिथली निदान दोन-तीन मुलं तरी ऑगस्टमध्ये फीच्या पावतीपुढे थबकणार नाहीत.